सात बेडकांची नोंद

झाकण सोमवारी संध्याकाळी निघालं आणि मंगळवारी सकाळी धुकं आलं.

झाकण साधंसुधं नव्हतं. नव्वद टनांचं, काँक्रीट आणि पोलादाचं. त्याच्याखाली बत्तीस मीटर खोल विहीर, आणि त्या विहिरीत तीस वर्षं एक क्षेपणास्त्र उभं होतं. अख्खं शहर पुसून टाकेल एवढा ऐवज त्याच्या टोकाला होता. आता ते क्षेपणास्त्र काढून नेलंय, त्याला उभं धरणारी आतली सहा पोलादी कडी कापून टाकलीत, विहीर कायमची निकामी झालीय, असं यजमान देशाचं म्हणणं होतं. म्हणणं आणि असणं यांच्यात जे अंतर असतं ते मोजायला ती आली होती.

तिच्या खात्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि आवडायचंही. एकोणतीस वर्षं तिनं हेच केलं होतं. कुठं किती अस्त्रं, किती विहिरी, किती सीलं, कुठल्या कागदावर काय लिहिलंय आणि जागेवर काय आहे. तिच्या नोकरीत एकदाही स्फोट झाला नाही, एकदाही कुणी पळालं नाही. एका शब्दावर तीन-तीन दिवस बसून राहायचं, आणि तो शब्द बसला की पुढच्या शब्दाकडे जायचं. कंटाळा तिच्या कामाच्या पाचवीलाच पुजलेला होता. पण दर वेळी सही झाली की तिला वाटायचं, जगात कुठंतरी एक दिवा मालवायचा राहिला होता, तो कुणीतरी उठून मालवून आलं.

हा करार जमायला अकरा वर्षं लागली होती. दोन्ही देशांनी आपापल्या अठ्ठेचाळीस विहिरी बुजवायच्या, एकेक करून. पहिली ही. आणि बाराव्या कलमात लिहिलं होतं की, झाकण काढल्यावर विहीर उघड्या आकाशाखाली ठेवावी, म्हणजे समोरच्या देशाच्या उपग्रहाला तळ स्वच्छ दिसेल. ठरलेल्या तारखेपर्यंत तळ दिसला नाही, तर करार आपोआप संपला.

ते कलम तिनंच लिहिलं होतं. ‘उघड्या आकाशाखाली’ हे शब्द तिला इतके आवडले होते की आकाश झाकलेलंही असू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. समोरच्या बाजूच्या अठरा वकिलांच्याही आलं नाही.

आता तारखेला तेरा दिवस उरले होते आणि आकाश नावाची गोष्ट शिल्लक नव्हती.

असं धुकं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. सकाळी खिडकी उघडली की ते खोलीत येऊन टेबलाशी उभं राहायचं. निवासापासून विहिरीपर्यंत चारशे पावलं होती. ती एका दोरीला धरून चालायची, आणि मध्यावर पोचली की मागचं घर गेलेलं असायचं, पुढची विहीर आलेली नसायची. तिथं ती रोज थोडी थांबायची. कुठूनतरी हातोड्याचा आवाज यायचा, कुठूनतरी कुणाच्या शिटीवरचं गाणं. आपण नक्की कुठल्या देशात आहोत, हे त्या जागी विसरायला व्हायचं, आणि त्यात भीती नव्हती. उलट फार हलकं वाटायचं.

कठड्याशी पोचलं तरी तेच. धुकं विहिरीतसुद्धा उतरलं होतं. काठोकाठ दूध भरल्यासारखी विहीर दिसायची. वाकून पाहिलं तर आपलाच हात कोपरापर्यंत दिसे, पुढे काही नाही.

तिथं तिची वाट पाहत कर्नल उभा असायचा.

कर्नल म्हणजे त्या जागेचा यजमान देशाकडचा प्रमुख. साठीला टेकलेला, काटक, मिशा पांढऱ्या, बूट मात्र आरशासारखे. तो तिची भाषा उत्तम बोलायचा, फक्त ती शिकला होता कराराच्या मसुद्यांमधून. त्यामुळे त्याचं सगळं बोलणं कलम वाचल्यासारखं यायचं.

“सुप्रभात. सदर धुके आजही कायम असल्याचे दिसून येते,” तो म्हणाला.

“दिसून काही येत नाही, कर्नल, हीच तर अडचण आहे,” ती म्हणाली.

त्यानं जरा विचार केला, मग मिशीतल्या मिशीत हसला. “मान्य. सुधारणा स्वीकारण्यात येत आहे.”

तिच्या पथकात तिच्याशिवाय एकच माणूस होता, इंजिनिअर. सहा फूट उंच, धिप्पाड, पण उंचीला घाबरणारा आणि आल्यापासून सर्दीनं बेजार. तो दिवसातून दोनदा, उपग्रह वरून जायच्या वेळी, यंत्राशी बसायचा आणि दोनदा नाक पुसत सांगायचा, “कापूस, बाई. नुसता कापूस.”

सहा दिवस गेले. सात गेले. त्या दिवसांना कडा नव्हत्या. ती जेवायची, दोरी धरून जायची, यायची, दुपारी पांघरूण घेऊन पडायची तेव्हा तिला स्वप्नं पडायची, आणि उठून बाहेर पाहिलं की स्वप्नात होतं तेच बाहेर असायचं. एकदा तिला स्वप्नात तिचे वडील दिसले. ते विहिरी खणायचे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी पाणी शोधलं. स्वप्नात ते कठड्यावर बसून विडी ओढत होते आणि म्हणत होते, “काय गं, वरून काय बघत बसलीस? वरून बघून विहीर कळते होय?”

शनिवारी घरून फोन यायचा. फोन जिन्याखाली होता आणि त्यावर तिसरं कुणीतरी ऐकत असायचं, हे उघड गुपित होतं. नवरा निवृत्त घड्याळदुरुस्तीवाला. पहिल्या फोनला मधेच कुणीतरी खोकलं होतं, तेव्हापासून तो ऐकणाऱ्यालाही धरून बोलायचा.

“कशी आहेस गं? आणि ते दुसरे? खोकला कसा आहे त्यांचा?”

“मी बरी आहे. अहो, त्यांचं काय घेऊन बसलात!”

“घेऊन काय बसलात? बिचारा एवढ्या लांब बसून आपला संसार ऐकतोय. मधात मिरपूड घालून चाटायला सांग.”

पलीकडे कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज झाला.

“गुडघा कसा आहे?” नवऱ्यानं विचारलं.

“आहे तसाच. धुकं उठत नाही हो. अकरा वर्षांचं काम आहे, आणि घोडं कुठं अडलंय तर ढगात.”

 तो म्हणाला, “हे बघ, घड्याळ बंद पडलं की लोक काचेवर टिचक्या मारतात. मी कधी मारल्या का? मी मागचं झाकण उघडायचो.”

तिनं फोन ठेवला. जिन्याखालून वर येताना तिचे पाय हळू पडत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या राजधानीत सचिवांना फोन लावला. मुदत वाढवून मागा, म्हणाली. सचिव तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते आणि वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायचे.

“मुदत वाढवायची तर दोन्ही संसदांची संमती लागेल. सरकार बदललंय इथलं. नव्या लोकांना हा करार तसाही घशात अडकल्यासारखा झालाय. त्यांना निमित्तच हवंय.”

“म्हणजे धुक्याच्या नावानं सोडून द्यायचं?”

“मी असं म्हणालो नाही. फोटो नाही तर सही नाही, एवढंच म्हणालो.”

तिनं हे कर्नलला सांगायला नको होतं. पण त्या चारशे पावलांच्या मध्यावर, दोघं दोरीला धरून उभे असताना, तिनं सांगून टाकलं. 

“माझ्या राजधानीतही तीच स्थिती आहे,” कर्नल म्हणाला. “हे धुके उभय राजधान्यांस पसंत पडलेले आहे, असे माझे निरीक्षण आहे.”

“आणि तुम्हाला?”

“मी या विहिरीखालच्या खोलीत अकरा वर्षे बसलो.” त्यानं गळ्याशी हात नेला, जिथं पूर्वी क्षेपणास्त्र डागायची किल्ली असायची. “आम्हाला शहरांची नावे सांगत नसत. फक्त क्रमांक. माझा क्रमांक चार होता. रजेवर गेलो की नकाशा बघायचो. वाटायचं, चार कुठलं असेल? तिथं आत्ता सकाळ झाली असेल का? शाळा सुटली असेल का?” कलमांची भाषा त्याच्या तोंडून कधी गळून पडली, हे त्यालाही कळलं नाही. “मला हे बुजलेलं बघायचंय, बाई.”

धुक्यात त्याचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच तो बोलू शकला.

तिनं करार पाठ केलेला होता. बाराव्या कलमाचं तिसरं उपकलम तिला त्या क्षणी छापल्यासारखं दिसलं. ‘किंवा जागेवरील उभय प्रमुखांस परस्परसंमत अशा अन्य रीतीने.’ हे वाक्य शेवटच्या रात्री कंटाळलेल्या वकिलांनी घातलं होतं, कुणाला काही आठवलंच तर असावं म्हणून.

“कर्नल,” ती म्हणाली, “मी खाली उतरते.”

“ते शक्य नाही. परदेशी व्यक्तीस विहिरीत प्रवेश नाही. हा आमचा आग्रह होता. आपणच मान्य केला होता.”

“परस्परसंमतीनं होऊ शकतं. तुम्ही इथले प्रमुख, मी तिथली. तिसरं कोण लागतं?”

“माझी नोकरी जाईल.”

“माझीही जाईल. इकडे आड तिकडे विहीर, अशी आपली गत आहे. त्यातल्या त्यात विहीर बरी. ती निदान रिकामी आहे, असं तुम्ही म्हणता.”

 शिटीवरचं ते गाणं पुन्हा कुठूनतरी आलं आणि गेलं. मग कर्नलनं टाचा जुळवल्या.

“संमती देण्यात येत आहे,” तो म्हणाला, आणि पुढे हळूच, “पण मी सोबत येणार.”

इंजिनिअरनं डोक्याला हात लावला. “बाई, तुमचं वय, तुमचा गुडघा! आणि दोर तुटला तर सचिवांना मी काय सांगू?”

“सांगा, प्रकरण खोलात गेलंय.”

बुधवारी सकाळी क्रेनला पाळणा लावला. पाळणा म्हणजे कमरेइतक्या उंचीचा लोखंडी पिंजरा, त्यात जेमतेम दोन माणसं मावायची. कर्नलच्या माणसांनी वायुमापक यंत्र खाली सोडून हवा ठीक असल्याचं सांगितलं. तरी तिनं एक कंदील मागवला, पेटवून दोराला बांधला आणि आधी तोच खाली सोडला.

“यंत्रावर विश्वास नाही काय?” कर्नलनं विचारलं.

“आहे. पण माझ्या वडिलांनी कंदील उतरवल्याशिवाय माणूस उतरवला नाही कधी.”

कंदील धुक्यात पिवळा झाला, मग केशरी, मग एक ठिपका, मग गेला. दहा मिनिटांनी वर ओढला तेव्हा तो जळतच होता. मग ती पाळण्यात चढली, आणि पांढऱ्यात बुडाली.

सुरुवातीला काहीच नव्हतं. खाली नाही, वर नाही, फक्त कप्पीचा किरकिर आवाज आणि शेजारी कर्नलचा श्वास. तिला वाटलं, आपण उतरत नाहीच आहोत, विहीरच वर सरकतेय. सहा मीटरवर तिनं हात लांब करून भिंत चाचपली. पहिलं कडं. बोटांना कापलेली धार लागली, जिथून गॅसकटर फिरला होता तिथं पोलाद वितळून मण्यांसारखं थिजलं होतं. तिनं टेप लावली, बॅटरी धरली, वहीत लिहिलं. ‘कडे पहिले. चार ठिकाणी छेदलेले. रुंदी एक वीत चार बोटे.’ मग स्वतःवरच हसून वीत खोडली आणि सेंटिमीटर लिहिले.

दुसरं कडं. तिसरं. प्रत्येकाशी पाळणा थांबायचा आणि ती संथपणे, कुठंही घाई न करता, चारी छेद बोटांनी मोजायची. चौथ्या कड्याखाली धुकं संपलं. एकदम संपलं, जसं पांघरूण बाजूला व्हावं तसं. खाली स्वच्छ, गार, काळसर हवा होती, आणि वर पाहिलं तर पांढरं छत. त्या छतातून मऊ उजेड झिरपत होता. भिंतीवरून थेंब ओघळत होते आणि एकेक थेंब पडला की त्याचा आवाज बराच वेळ विहिरीत फिरत राहायचा.

“इथं इतकं शांत कधीच नव्हतं,” कर्नल कुजबुजला. “पंखे असायचे. यंत्रं असायची. ते होतं, तेव्हा तर भिंतीसुद्धा गुणगुणायच्या.”

सहावं कडं झालं आणि पाळणा तळाला टेकला. तळाशी घोटाभर पाणी होतं. दोघं उतरले. बूट बुडले. ती हात पसरून सावकाश गोल चालली, भिंतीला स्पर्श करत, पूर्ण फेरी. काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. जिथं इतकी वर्षं ते उभं होतं, बरोब्बर त्या जागी ती उभी राहिली. छातीत धडधडेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. एखाद्या रिकाम्या घरात, सामान गेल्यावर, उभं राहिल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात कुठूनतरी ‘डरांव’ असा आवाज आला.

कर्नलनं दचकून बॅटरी फिरवली. पाण्यातल्या एका सिमेंटच्या ढेपेवर बेडूक बसला होता. त्याच्याशेजारी दुसरा. भिंतीच्या खाचेत आणखी.

“अशक्य!” कर्नल म्हणाला. “अकरा वर्षांत मी इथं मुंगीसुद्धा आत येऊ दिली नाही. मुंगी! त्यासाठी वेगळं पथक होतं!”

“झाकण निघून नऊच दिवस झालेत,” ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. हसणं विहिरीत घुमलं, परत आलं, आणि मग कर्नलही हसायला लागला. पन्नाशी-साठीची दोन माणसं घोटाभर पाण्यात उभी राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती, आणि वर कठड्यावरून इंजिनिअर घाबराघुबरा ओरडत होता, “बाई! काय झालं? हवा लागली का?”

तिनं वही उघडली. नियमाप्रमाणे तळाशी आढळलेल्या सर्व वस्तूंची नोंद करायची असते. तिनं नीट फिरून मोजलं आणि लिहिलं. ‘पाणी, खोली अकरा सेंटिमीटर. सिमेंटचे तुकडे, लहान, निरुपयोगी. बेडूक, सात.’

वर आल्यावर दोघांनी कठड्यावरच, ओल्या कागदावर, सह्या केल्या. मुदत संपायला पाच दिवस बाकी होते.

सचिव फोनवर इतके चिडले की त्यांना पहिल्यांदाच वाक्य सुचेना. “तुम्ही पाहिलंत, ठीक आहे. पण तुमचे डोळे करारात कुठं आहेत?”

“तिसऱ्या उपकलमात.”

“आणि हे बेडूक? गंमत आहे का ही?”

“आठवा सापडला असता तर आठ लिहिले असते.”

पुढचे चार दिवस दोन्ही राजधान्यांतले वकील त्या उपकलमाचा कीस काढत बसले. तिला काही करायचं नव्हतं. ती दोरी धरून जायची, यायची, निजायची. पाचव्या दिवशी दुपारी इंजिनिअर धावत आला, चक्क नाक न पुसता. सही मान्य झाली होती. नंतर तिच्या कानावर आलं, की ज्या मंत्र्यांना करार नकोच होता, त्यांना अहवालाचा पडताळा खोटा ठरवायला काहीतरी हवं होतं. पण संसदेत कुणीतरी बेडकांची ओळ मोठ्यानं वाचली, सभागृह हसलं, आणि हसल्यानंतर कुणाला म्हणवेना की ही बाई खोटं बोलतेय. खोटं बोलणारा माणूस बेडूक मोजत नाही.

कर्नलच्या माणसांनी ते सातही बेडूक बादलीतून वर काढले, मग माती टाकली. त्यानंतर तीन दिवसांनी आकाश उघडलं. उपग्रहानं छान, रेखीव फोटो काढला. एक तपकिरी गोल, बाकी काही नाही.

शिक्षा म्हणा की बक्षीस, खात्यानं तिला पुढच्या विहिरींवरही पाठवलं. बाकी कुणी उतरायला तयार नव्हतं. तिकडच्या बाजूनंही कर्नललाच ठेवलं, बहुधा त्याच कारणानं. आता आकाश स्वच्छ असलं तरी उतरूनच पाहायचं, असं दोन्हीकडून ठरून गेलं होतं. दीड वर्षात दोघांनी मिळून आठ विहिरी पाहिल्या. नववीत चौथ्या कड्याचे चारपैकी तीनच छेद सापडले. एका बाजूला पोलाद अखंड होतं.

“ही वेल्डरची चूक आहे,” कर्नल म्हणाला. “कटरचा गॅस संपला असेल. लहानसा भाग आहे. मी हमी देतो.”

“हमी नको, छेद हवा.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे,” ती म्हणाली. “कड्यावर नाही.”

तो रागावला. चांगला रागावला. नंतर सहा दिवस जेवायलाही तिच्या टेबलावर आला नाही. तिला वाईट वाटलं. पण मैत्री वेगळी आणि मोजणी वेगळी, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती रोज सकाळी कठड्यापाशी जाऊन खुर्ची टाकून बसायची आणि सही न केलेला कागद मांडीवर ठेवायची.

सातव्या दिवशी वेल्डर आला. पाळणा खाली गेला, आणि वरून पाहिलं तर खोल आत निळी ठिणगी लुकलुकत होती, एखादा तारा विहिरीत पडून विझत असावा तशी. दुपारी दोघं परत उतरले. तिनं चौथा छेद बोटांनी मोजला. तो अजून गरम होता.

वर ऊन होतं. बाजूच्या माळावर गवत कमरेइतकं वाढलं होतं आणि वाऱ्यानं एकाच दिशेला झुकत होतं. तिनं सही केली, कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो नीट वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि आपली सही केली. मग आतून दुसरी खुर्ची आणली, तिच्या खुर्चीशेजारी टाकली, आणि थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. मातीचे ट्रक यायला अजून तासभर होता. दोघं तिथं बसून राहिले.